मुलासाठी पहिली .२२ रायफल: वाढत्या अंगाची घेऊ नका

शाळेचा गणवेश, बूट, सायकल, सगळं आपण मुलांना वाढत्या अंगाचं घेतो. दोन वर्षं बाह्या दुमडून घालायच्या, तिसऱ्या वर्षी बरोबर बसतं. रायफल घेताना मीही हाच हिशेब केला होता. मुलगी नऊ वर्षांची. मी घेतली मोठ्या माणसाच्या मापाची, दहा काडतुसांच्या मॅगझीनची सेमी-ऑटोमॅटिक, म्हटलं ही कॉलेजात जाईपर्यंत पुरेल. रेंजवर पहिल्याच दिवशी दस्ता खांद्यावर बसेना, तो दंडावर सरकला. पुढचं वजन पेलण्यासाठी तिने पाठ मागे टाकली, पोट पुढे काढलं, मान उंटासारखी लांब केली. दहा मिनिटांत ऐकू आलं, "बाबा, हात दुखतोय. घरी जाऊया?" ती रायफल आता मी वापरतो.

त्यानंतर इतर आईबापांच्या मुलांना नेमबाजीची सुरुवात करून देताना जे कळत गेलं ते इथे लिहितो आहे. विषय .२२ लाँग रायफल काडतुसाच्या रायफलीचा, म्हणजे जिला सगळे नुसतं 'पॉइंट टू-टू' म्हणतात तिचा. हे काडतूस १८८७ सालापासून चालत आलं आहे आणि नवशिक्यांना शिकवायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं क्वचितच असेल: धक्का जवळजवळ नाही, आवाज मोठ्या रायफलींच्या मानाने कमी.

पहिली पायरी: रायफल नाही, कायदा आणि मूल

दुकानात जाण्याआधी आपल्या भागातला कायदा स्वतः वाचा. कुणीतरी सांगितलं यावर जाऊ नका. परवाना लागतो का, कोणाच्या नावावर, मुलाने कोणत्या वयापासून आणि कोणाच्या देखरेखीखाली वापरायची, रायफल ठेवायची कशी, हे देशोदेशी फार वेगळं आहे. जर्मनीत, उदाहरणार्थ, देखरेखीखाली आणि पालकांच्या संमतीने एअर रायफल बाराव्या वर्षापासून चालते आणि .२२ चौदाव्या वर्षापासून. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, पण एक गोष्ट सगळीकडे धरून चाला: रायफल 'मुलाची' म्हणायची, तरी ती मोठ्या माणसाची असते. किल्ली, काडतुसं आणि जबाबदारी तिन्ही मोठ्याकडे.

मग मूल. वय विचाराल तर मी आकडा सांगत नाही. सहा वर्षांची शांत मुलं पाहिली आहेत आणि तेरा वर्षांची अशी, की त्यांच्या हाती मी पाण्याची पिचकारीही देणार नाही. मी एवढंच बघतो: खेळाच्या भरात असताना 'थांब' म्हटलं की पहिल्या हाकेला थांबतं का? सांगितलेला नियम दुसऱ्या दिवशी स्वतःच्या शब्दांत परत सांगतं का? कंटाळा आला, हात दुखला, तर तोंडाने सांगतं की चुळबुळ करत राहतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हौस मुलाची आहे की बापाची? शेवटच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिलंत तर बरीच खरेदी वर्षभर पुढे जाईल. जाऊ द्या.

एअर रायफलपासून सुरुवात करावी का?

शक्य असेल तर जरूर. ४.५ मिलिमीटर छर्ऱ्याच्या स्पर्धेच्या एअर रायफलची ताकद साडेसात ज्यूलच्या आसपास असते. .२२ ची साधारण दीडशे ज्यूलच्या घरात, म्हणजे वीसपट. अंतर लहान, आवाज कमी, छर्रे स्वस्त, आणि चाप, श्वास, नेम सगळं तेच शिकायचं असतं. शिवाय एअर रायफल म्हणजे पोरखेळ असं कुणी म्हणालं तर त्याला दहा मीटरच्या स्पर्धेचं टार्गेट दाखवा. त्यावरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो.

फक्त एक खोच आहे. नळी खाली वाकवून कॉक करायची, म्हणजे स्प्रिंग ताणून उडवायला सज्ज करायची, स्प्रिंगवाली एअर रायफल लहान मुलाला स्वतः कॉक करता येत नाही. ताकद पुरत नाही, आणि अर्ध्यात हात सुटला तर नळी फटकन वर येते. ती घेतलीत तर कॉक तुम्ही करायची. हवेच्या सिलिंडरवर चालणारी असेल तर मुलाला सोपी जाते, हवा भरायचं काम मात्र मोठ्याचं. बाकी पुढचं जवळजवळ सगळं एअर रायफललाही लागू आहे, कुलपासकट.

माप: कोपरापासून बोटापर्यंत

आता मुख्य मुद्दा. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर, ज्याला रेंजवर 'लेंग्थ ऑफ पुल' म्हणतात, ते मुलाला जुळलं पाहिजे. मोठ्यांच्या रायफलीत ते साधारण ३४ ते ३५ सेंटिमीटर असतं. मुलांसाठी बनवलेल्यांत साडेअठ्ठावीस ते बत्तीस. पाच-सहा सेंटिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात तोच सगळा फरक असतो.

मोजायला टेप नेलीत तर उत्तमच. मुलाला उभं करा, उजवा हात कोपरात काटकोनात वाकवून तळवा वर ठेवायला सांगा. कोपराच्या खोबणीपासून तर्जनीच्या पहिल्या सांध्यापर्यंत मोजा. ते आलं तुमचं माप. रायफल समोर असेल तर आधी ती रिकामी आहे हे बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) उघडून डोळ्यांनी पाहा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, करंगळीचं टोक घालून चाचपा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा. मग दस्ता त्या खोबणीत टेकवून तर्जनी चापापर्यंत सहज पोचते का ते बघा. जाड जाकीट घालून चालवायची असेल तर जाकीट घालूनच मोजा.

लांब रायफल ओळखायला टेपही लागत नाही. मूल मागे कललं, दस्ता काखेत किंवा दंडावर गेला, गाल लाकडाला लागेना आणि मान ताणली गेली, की ती रायफल लांब आहे. विक्रेता म्हणेल, "सहा महिन्यांत बसेल." सहा महिने मूल चुकीच्या पद्धतीने उभं राहायला शिकेल, आणि ती सवय मोडायला वर्ष जाईल. थोडी आखूड रायफल मात्र खपते. नाक अंगठ्याजवळ येतं, दिसायला जरा गमतीदार, पण नेम धरता येतो.

मूल वाढणार, मग दरवर्षी नवी रायफल घ्यायची का? नाही. दस्त्याच्या मागे स्पेसरच्या चकत्या घालून लांबी वाढवता येते अशी रायफल घ्या. किंवा जिचा आखूड दस्ता काढून पुढे मोठा बसवता येतो अशी घ्या. तिसरा मार्ग जुन्या लोकांचा. माझ्या एका काकांनी जुनी बोल्ट-ॲक्शन रायफल घेऊन तिचा दस्ता चार बोटं कापला, टोकाला रबरी पॅड दोन स्क्रूंनी बसवलं आणि कापलेला तुकडा जपून ठेवला. मुलगा उंच झाला तसा तुकडा परत जोडला. सांधा दिसतो अजून, पण रायफल तीच.

एका वेळी एकच काडतूस

बोल्ट-ॲक्शन, सिंगल-शॉट. या बाबतीत मी घासाघीस करत नाही.

कारण तांत्रिक नाही. एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. मूल नेम धरतं, चाप ओढतं, पंधरा मीटरवरचा पत्र्याचा डबा उडतो. आयुष्यातला पहिला डबा! पुढच्याच क्षणी ते मूल "पाहिलंत?" असं ओरडत तुमच्याकडे वळतं, आणि हातातली रायफलही त्याच्याबरोबर वळते. कितीही बजावून ठेवलं असू द्या, कधी ना कधी हे होतंच. माझ्यासमोर झालं आहे. त्या वेळी रायफल सेमी-ऑटोमॅटिक असेल तर दुसरी गोळी चेंबरमध्ये येऊन बसलेली असते. सिंगल-शॉट असेल तर आत असतं ते रिकामं टरफल. म्हणूनच शिकवताना मुलाच्या डाव्या खांद्यामागे, हात लांबवला की नळी धरता येईल इतक्या जवळ उभं राहायचं. खुर्चीत बसून सूचना द्यायच्या नाहीत.

दुसरा फायदा हळूहळू कळतो. दर वेळी बोल्ट उघडायचा, टरफल काढायचं, नवं काडतूस बोटांनी सरळ आत सरकवायचं, बोल्ट बंद करायचा. एवढं करायचं म्हटलं की मूल प्रत्येक गोळीचा विचार करतं. मी लाकडाच्या ठोकळ्याला दहा भोकं पाडून ठेवली आहेत. प्रत्येकात एक काडतूस उभं. रिकामी टरफलं मूल परत त्याच भोकांत उलटी ठेवतं. किती उडाली, किती राहिली हे मोजावं लागत नाही, आणि खिशात एखादं काडतूस राहून घरी जाण्याची भानगडही टळते.

मुलांच्या मापाच्या सिंगल-शॉट रायफली मोजक्या आहेत. 'क्रिकेट' नावाची एक आहे (बॅट-चेंडूशी संबंध नाही, तो रातकिडा). तिची लेंग्थ ऑफ पुल साडेअकरा इंच, म्हणजे २९ सेंटिमीटरच्या आसपास. बोल्ट बंद केल्यावर मागची घुंडी हाताने वेगळी ओढल्याशिवाय ती कॉक होत नाही. ही घुंडी लहान बोटांना कडक जाते. काही पालकांना तो त्रास वाटतो, मला सुरुवातीला तो गुणच वाटतो, कारण घुंडी मी ओढतो. 'सॅव्हेज रॅस्कल' बोल्ट उचलतानाच कॉक होते, तिचा चाप जुळवून हलका करता येतो आणि चाप न ओढता तिच्यातलं काडतूस काढता येतं. 'हेन्री मिनी बोल्ट'ही साधारण याच मापाची. मूल जरा मोठं असेल, दहा-अकराचं, तर 'सीझेड ४५७ स्काउट' बघण्यासारखी आहे. ती मॅगझीनची रायफल आहे, पण मॅगझीनच्या जागी सिंगल-शॉट ठोकळा बसतो आणि पुढे मोठा दस्ताही घालता येतो.

.२२ मॅग्नम किंवा .१७ एचएमआर ही जास्त जोराची काडतुसं कुणी सुचवली तर नम्रपणे नको म्हणा. जास्त आवाज, महाग काडतुसं, आणि शिकण्यात काडीचा फायदा नाही.

वजन आणि चाप, एकत्र बघा

हलकी ती चांगली, असं सरसकट नसतं. सव्वा किलोची रायफल मूल आनंदाने उचलतं, पण नळी वाऱ्यावरच्या काडीसारखी हलते. त्याहून जड रायफल स्थिर राहते, पण उभं राहून धरली तर दोन मिनिटांत हात थरथरतो. मी यातून असा मार्ग काढतो की पहिले काही महिने सगळं टेबलावर, वाळूच्या पिशवीवर टेकवून चालवायचं. मग थोडं वजन असलेलं बरंच. उभ्याने चालवायची घाई करू नका.

चापाकडे मात्र बहुतेक जण बघतच नाहीत. रायफल सव्वा किलोची आणि चाप ओढायला दोन-अडीच किलोचा जोर लागत असेल तर काय होणार? चाप मागे यायच्या आधी रायफलच हलणार. गोळी कुठेतरी जाते आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. सव्वा ते दीड किलोच्या आसपास, एका जागी स्वच्छ सुटणारा चाप मुलाला योग्य. फार हलकाही नको, बोट लागताच सुटणारा तर मुळीच नको.

जुनी रायफल घेत असाल तर चापाची आणखी एक परीक्षा. बंदूक पूर्ण रिकामी करून कॉक करा, सेफ्टी काढलेली, नळी सुरक्षित दिशेला, आणि दस्ता रबरी मॅटवर दोन-चारदा ठामपणे आपटा. कॉक आपोआप सुटलं तर ती रायफल तिथेच ठेवून या, फुकट दिली तरी. नळीत प्रकाश टाकून गंज बघा, चेंबरच्या कडेला चेप पडला आहे का तेही बघा. .२२ ची ठिणगी काडतुसाच्या कडेत असते. त्यामुळे रिकाम्या रायफलीचा चाप पुन्हा पुन्हा ओढला की अनेक जुन्या रायफलींत पिन सरळ चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खाच पडते. मग काडतुसं अडकायला लागतात. कोरडा सराव करायचा असेल तर प्लास्टिकची डमी काडतुसं वापरा.

कोणता डोळा, कोणती साइट

मूल उजव्या हाताने जेवतं म्हणून ते उजव्या डोळ्याने नेम धरेल असं नाही. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करायला सांगा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून तुमच्या नाकाकडे बघायला सांगा. खिडकीतून तुम्हाला मुलाचा जो डोळा दिसेल तो त्याचा मुख्य डोळा. तो डावा निघाला तर डाव्या खांद्यावरून शिकवा. लहान वयात ते सहज जमतं. डावखुऱ्यांसाठी बोल्ट डावीकडे असलेली रायफल काही कंपन्या काढतात, पण सिंगल-शॉटला उजव्या बाजूचा बोल्टही निभावतो.

साइटमध्ये माझी पसंती गोल छिद्राच्या मागच्या साइटला, जिला पीप साइट म्हणतात. मुलाला एवढंच सांगायचं: छिद्रातून बघ, पुढचा खुंट स्पष्ट दिसला पाहिजे, तो टार्गेटच्या खाली बसव. छिद्राच्या मधोमध येण्याचं काम डोळा आपणच करतो. व्ही आकाराच्या खाचेत खुंट बरोबरीला आणायचा, दोन्हीकडे सारखी फट ठेवायची आणि वर टार्गेटही बघायचं, हे आठ वर्षांच्या मुलाला जरा अवघडच. स्कोप (दुर्बीण) लावायचाच असेल तर रिमफायरसाठी, म्हणजे .२२ सारख्या कडेत ठिणगी असलेल्या काडतुसांच्या रायफलींसाठी, बनवलेला घ्या. मोठ्या रायफलींचे स्कोप लांबच्या अंतरासाठी जुळवलेले असतात, जवळच्या टार्गेटवर डोळा जरा हलला की नेमही सरकल्यासारखा दिसतो.

काडतुसं, कान, डोळे, आणि शिसं

काडतुसं 'स्टँडर्ड व्हेलॉसिटी' घ्या. त्यांची गोळी साधारण ३२५ मीटर प्रतिसेकंदाने, ध्वनीच्या वेगाच्या आत राहते, त्यामुळे तो कडक फटाक्यासारखा आवाज येत नाही. तरीही कानावर मफ हवेच. लहान डोक्यावर मोठ्यांचे मफ घसरतात, म्हणून मुलांच्या मापाचे वेगळे घ्या. आणि चष्मा, बघणाऱ्या भावंडांनासुद्धा.

लहान काडतूस, म्हणजे लहान धोका, असं समजू नका. .२२ ची गोळी दीड मैल, जवळजवळ अडीच किलोमीटर जाऊ शकते. टार्गेटमागे मातीचा भक्कम बांध हवा. झुडपं, पाणी, दगड चालत नाहीत, कारण पाण्यावरून आणि दगडावरून गोळी उसळते.

शिशाकडे फार कमी पालक लक्ष देतात. गोळी शिशाची, आणि बहुतेक काडतुसांच्या ठिणगीच्या मसाल्यातही शिशाचा अंश असतो. मुलांच्या शरीराला ते मोठ्यांपेक्षा जास्त बाधतं. रेंजवर खाणं नाही, बोट तोंडात नाही. घरी निघण्याआधी साबणाने हात-तोंड, घरी गेल्यावर कपडे धुवायला. बंदिस्त रेंज असेल तर हवा खेळती आहे का ते आधी बघा. नसेल तर दुसरीकडे जा.

कुलूप आधी, रायफल नंतर

रायफल घरात येण्याच्या दिवशी कपाट भिंतीला लागलेलं हवं. रायफल एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या, शक्य असेल तर बोल्ट तिसऱ्या ठिकाणी. "आमच्या मुलाला किल्ली कुठे असते माहीत नाही," असं म्हणणाऱ्या आईबापांना एकच विचारतो, गेल्या वर्षी लपवलेली वाढदिवसाची भेट त्याने किती दिवसांत शोधली होती? किल्ली अंगावर ठेवा, किंवा आकड्यांचं कुलूप घ्या, ज्याचा आकडा कुणाच्याच जन्मतारखेचा नाही.

उलट, मुलाला रायफल बघावीशी वाटली तर कधीही मागायची मुभा द्या. तुम्ही काढून, रिकामी असल्याचं दाखवून, हातात द्या. लपवलेल्या वस्तूचं आकर्षण निम्मं तिथेच जातं. तरी कुलूप ते कुलूपच.

पहिला दिवस

घरी, काडतुसाशिवाय, नियम आधी पाठ झालेले असोत: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, जिथे गोळी लागलेली चालणार नाही तिकडे नळी न्यायची नाही, नेम बसेपर्यंत बोट चापाबाहेर, टार्गेट काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे आधी बघायचं. सेफ्टीच्या खटक्यावर यांतला एकही नियम सोपवू नका, खटके बिघडतात.

रेंजवर दहा मीटरवर मोठा कागद लावा, इतका मोठा की चुकणं अवघड. पहिल्या गोळीला काहीतरी लागलंच पाहिजे. फुगेही छान. पत्र्याच्या डब्यापेक्षा त्यांना लागल्याचं चटकन कळतं.

चाप ओढला आणि आवाज आला नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून सावकाश तीस आकडे मोजायचे, मगच बोल्ट उघडायचा. काही काडतुसं उशिरा सुटतात. आणि नेहमीच्या आवाजाऐवजी नुसतं 'फुस्स' झालं तर तिथेच थांबायचं. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी सोडली तर नळी फुटते. हे दोन्ही मुलाला आधीच सांगा, काही झाल्यावर नव्हे.

ठोकळ्यातली दहा संपली की विचारा, अजून दहा हवीत का. हो म्हटलं तर द्या. तिसऱ्या दहाला मात्र, मूल कितीही हट्ट करो, आवरतं घ्या, कारण दमलेला हात आणि दमलेलं लक्ष एकदमच येतात. घरी आल्यावर नळीतून कापडाची चिंधी एकदा मुलाकडूनच ओढून घ्या, बाकीची साफसफाई तुम्ही करा. आणि दारामागे पेन्सिलने उंचीच्या रेघा मारत असाल तर दर वेळी शेजारी कोपर ते बोट हे मापही लिहून ठेवा. दोन सेंटिमीटर वाढलं की एक चकती.